एक गाडी, दोन शब्द

"पुढच्या महिन्यात कुठे?" असं कुणी विचारलं की मावशी आधी आभाळाकडे बघायची, मग नवऱ्याकडे, आणि मग म्हणायची, "सध्या तरी अमक्या ठिकाणी. पुढचं पुढे." हे "सध्या तरी" तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की कामावरचे लोक तिच्या पाठीमागे तिला सध्यातरी मावशी म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. बेत बदलणाऱ्यांना नावं ठेवणारे लोक घरात राहतात आणि त्यांच्या घरांना चाकं नसतात, एवढं साधं तिचं मत होतं.

तिच्या घराला चार चाकं होती. बेकरीचा माल दुकानादुकानांत पोचवणारी ती जुनी पांढरी व्हॅन. उन्हात तापली की अजूनही आतून भाजलेल्या पावाचा वास यायचा आणि पोट भरलेलं असलं तरी भूक लागल्यासारखं व्हायचं. एका बाजूला फळ्या टाकून केलेलं अंथरूण, समोर शेगडी, वर कड्या लावलेली छोटी कपाटं. कड्या आधी नव्हत्या. पहिल्याच मोठ्या वळणावर लोणच्याची बरणी डोक्यात पडली, तेव्हा मावशीला कळलं की चालत्या घरात कडीशिवाय काही ठेवायचं नसतं.

गाडी ती चालवायची. लग्नाआधी वडिलांच्या धंद्यात पहाटे दुधाचे कॅन घरोघर पोचवायची, तेव्हापासूनचा तिचा हात. नवरा मात्र जन्मात कधी स्टिअरिंगला बसला नव्हता. उभं आयुष्य बसमध्ये कंडक्टर म्हणून गेलं आणि नोकरी सुटली तरी नाव सुटलं नाही. जिथे जातील तिथे तो कंडक्टरच. ड्रायव्हरच्या पाठीमागे इतकी वर्षं काढल्यावर त्याचा एक नियम पक्का झाला होता: चालत्या गाडीत ड्रायव्हरला शहाणपण शिकवायचं नाही. मावशीच्या ड्रायव्हिंगबद्दल तो कधी चकार शब्द काढायचा नाही. बायका आपल्या नवऱ्यांबद्दल तक्रारी सांगायला लागल्या की मावशी या एका गुणावर सगळ्यांना गप्प करायची.

दोघांचा वर्षाचा फेरा ठरलेला होता. म्हणजे बेत सतरा वेळा बदलायचे, पण फेरा तोच. वसंतात स्ट्रॉबेरीची शेतं, उन्हाळ्यात नदीकाठचं तंबूंचं मैदान, मग सफरचंदांची बाग आणि थंडीत किनाऱ्यावरची फुलांच्या कंदांची शेड. मध्ये कुठे पाऊस लांबला, कुठे पीक लवकर आलं, कुठे मालकच बदलला, की मावशी नकाशा गुडघ्यांवर पसरायची आणि फेऱ्यातला एखादा टप्पा मागेपुढे करायची. पायाला भिंगरी लागलेली माणसं म्हणायचे लोक. भिंगरी पायाला नव्हती, पण त्यांचं पोट त्या फिरण्यावरच चाललं होतं आणि मनही.

मुलगा शहरात राहायचा. नोकरी चांगली, स्वभाव चांगला, बायको चांगली. हीच तर अडचण होती. वाईट असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. त्याने आईवडिलांसाठी मागची खोली रंगवून ठेवली होती. सुनेने पडदे लावले होते. दर फोनला तो न चुकता म्हणायचा, "आई, खोली तयार आहे." ती दोघं वर्षातून दोनदा जायची, लाड करून घ्यायची, आणि तिसऱ्या दिवशी कंडक्टर गॅलरीत उभा राहून जाणाऱ्या बस बघायला लागायचा. मावशी उगाच कपाटांच्या कड्या तपासत हिंडायची आणि त्या कपाटांना कड्याच नसायच्या. आपल्यापैकी कुणा एकाचं शरीर थकेल त्या दिवशी आपली गाडी त्या खोलीशी जाऊन थांबेल, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून तो विषय कुणीच काढत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि त्या वर्षी सफरचंदांच्या बागेत कंडक्टरचा उजवा खांदा धरला.

सफरचंद ओढून काढायचं नसतं. तळव्यात धरायचं, किंचित वर उचलायचं, मनगट वळवायचं, की ते देठासकट आपणहून हातात येतं. बोटांनी दाबलं तर तेव्हा काही दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी बोटांचे डाग उठतात. प्रत्येक जोडीला एक मोठा लाकडी पेटारा. गळ्यात अडकवलेल्या झोळीत फळं काढायची, झोळी भरली की पेटाऱ्यात हळूच ओतायची. वरच्या फांद्यांना शिडी. कंडक्टर पहिल्या आठवड्यात शिडीवर चढला, हात वर केला आणि तसाच थांबला. खाली मावशी होती. त्याला वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "मला बाई वाकून जमत नाही, कंबर धरलीय. खालची फळं तुम्ही काढा, वर मी चढते." आणि महिनाभर ती शिडीवर, तो जमिनीवर. त्याची झोळी लवकर भरावी म्हणून ती हाताशी आलेली चांगली खालची फांदीसुद्धा त्याच्यासाठी सोडून द्यायची. तो संध्याकाळी तिच्या कंबरेला मलम चोळून द्यायचा. ती निमूटपणे चोळून घ्यायची.

बागेवर देखरेख करणारी मुकादम बाई होती. दिवसाला दोन वाक्यं बोलायची, त्यातलं एक "देठ" आणि दुसरं "पुरे." ती पेटाऱ्यांमधून हात फिरवत जायची, फळं उचलून बघायची, काही बाजूला काढायची. मावशीच्या पेटाऱ्याशी ती त्या वर्षी जरा जास्तच वेळ थांबायची, पण बोलायची काही नाही.

हंगाम संपत आला तेव्हा किनाऱ्यावरच्या शेडमधून निरोप आला की कंद निवडायला यंत्र आलं आहे आणि यंदा माणसं नकोत. बेत गेला पाण्यात. एरवी मावशीने त्याच संध्याकाळी नकाशा पसरला असता आणि दोघांनी चहाचे तीन कप होईपर्यंत वाद घातला असता. त्या दिवशी मात्र कंडक्टरने विचारलं, "पुढे काय?" मावशी म्हणाली, "बघू." आणि तोही लगेच म्हणाला, "हो, बघू." दोघंही इतक्या चटकन शांत झाली याचं दोघांपैकी एकालाही नवल वाटलं नाही, कारण प्रत्येकजण आपल्याच विचारात होता.

इथे या लोकांची एक रीत सांगायला हवी. फिरत्या कामांच्या दुनियेत करारबिरार नसतात, शब्द असतो. ओळखीतल्या कुणीतरी तुमच्यासाठी शब्द टाकायचा, मग तुम्ही स्वतः मालकाला शब्द द्यायचा, आणि एकदा दिला की दिला. आजारी पडलात, आडवे झालात, तरी आपल्या जागी दुसरं चांगलं माणूस पाठवायचं. त्याला बदली म्हणतात. ज्याने शब्द मोडला आणि बदलीही दिली नाही, त्याचं नाव पुढच्या हंगामात कुणालाच आठवत नाही. मावशीने आजवर एकदाही शब्द मोडला नव्हता. बेत बदलणं वेगळं आणि शब्द मोडणं वेगळं, यावर ती कुणाशीही भांडली असती.

मुकादम बाईला ती पाण्याच्या नळापाशी एकटी गाठून बोलली. दक्षिणेला, उबदार मुलखात, एक मोठी रोपवाटिका होती. थंडीभर ट्रेमधली इवली रोपं वेगळी करून कुंड्यांत लावायची. टेबलाशी बसून काम, हात छातीच्या वर न्यायचं कारण नाही. मुकादम बाईने शब्द टाकला, मावशीने फोनवर दिला. "यांना इतक्यात सांगू नका हं," मावशी म्हणाली. "त्यांना वाटेल, खांद्यामुळे केलं." मुकादम बाईने मान हलवली. नवऱ्याला केव्हा सांगायचं तेही मावशीने ठरवलं होतं: गाडी चालू झाल्यावर. चालत्या गाडीत तो ड्रायव्हरशी वाद घालत नाही.

बाग सोडायच्या दिवशी सकाळी छान ऊन होतं. कपाटांच्या कड्या लागल्या, शेगडी बांधली, निरोप घेऊन झाले. बागेपासून थोड्या अंतरावर फाटा होता. मावशीने वेग कमी केला आणि डावीकडचा दिवा लावला.

"उजवीकडे घे," कंडक्टर म्हणाला.

मावशीने गाडी कडेला घेऊन थांबवलीच. इतक्या वर्षांत त्याने तिला डावं-उजवं सांगितलेलं हे पहिलंच.

"उजवीकडे कशाला? तिकडे तळं आहे."

"तळ्यावरच जायचंय. मी शब्द दिलाय. तिथे सुट्टीत लोक येऊन राहतात ती घरं आहेत ना, त्यांच्या मालकाला. थंडीत ती बंद असतात, ती सांभाळायची. गाडी एकदा लावली की वसंतापर्यंत हलवायची नाही."

"आणि मी डावीकडे दिलाय. रोपवाटिकेत. बसून काम आहे."

गाडीचं इंजिन तेवढं बोलत राहिलं. मग मावशीने तेही बंद केलं.

"मला न विचारता?" तो म्हणाला.

"तुम्ही मला विचारलंत?"

"आणि बसून काम कशाला? मला काय धाड भरलीय?"

"सकाळी शर्ट घालताना दातओठ खाता ते मला कळत नाही? महिनाभर खालची फळं राखून ठेवतेय तुमच्यासाठी. माझी कंबर कधी धरलीच नव्हती."

"मला वाटलं, यंदा माझा हात भरभर चालतोय," तो म्हणाला. इतक्या खऱ्याखुऱ्या हिरमुसल्या आवाजात म्हणाला की मावशीला भांडणातसुद्धा हसू आलं. पण तिने ते गिळलं, कारण तिची बाजू वरचढ होती आणि तिला ती सोडायची नव्हती.

"आणि गाडी वसंतापर्यंत हलवायची नाही, हे कुणाच्या सोयीसाठी?" तिने विचारलं.

त्याने काचेतून पुढे बोट केलं. "ती पाटी वाच."

"कोणती, फाट्यावरची?"

"हो."

"डावीकडे किनारा, उजवीकडे तळं. मधे पेट्रोल पंपाचं चिन्ह. दरवर्षी तर बघते."

"खाली उतर आणि जवळ जाऊन वाच."

मावशी तणतणत उतरली. दार जरा जास्तच जोरात लागलं. पाटीकडे चालताना ती मनातल्या मनात उत्तरं जुळवत होती, आणि अर्ध्या वाटेत ती उत्तरं थांबली. पाटी होती, तिच्यावर काहीतरी होतं, पण ती अक्षरं नव्हती, नुसता पिवळसर डाग होता. आणखी पुढे गेली. अगदी खांबाला हात लागेल इतकी जवळ गेली, तेव्हा ती अक्षरं दिसली. पाटी नवीनच होती. डावीकडच्या बाणावर लाल फुली मारलेली. खाली लिहिलं होतं: पुढे पूल पाडला आहे, रस्ता बंद. किनाऱ्याकडे जाणाऱ्यांनी तळ्यावरून वळसा घ्यावा. पेट्रोल पंपाचं चिन्ह कुठेच नव्हतं.

ती तिथेच उभी राहिली. पुढे अडथळे लावलेले असणार, गाडी काही नदीत गेली नसती, हे तिला कळत होतं. भीती त्याची नव्हती. तिने ती पाटी वाचली होती, अगदी छातीठोकपणे, आणि तिला खरंच वाटलं होतं की आपल्याला दिसतंय. दरवर्षी त्याच रस्त्यांनी फिरणाऱ्याचं असं होतं. वळणं पाठ, उतार पाठ, पाट्या पाठ. कधीपासून ती डोळ्यांनी चालवायचं सोडून आठवणीने गाडी चालवत होती, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

परत आली तेव्हा ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली नाही. बाजूच्या दाराच्या पायरीवर बसली. कंडक्टरने बांधलेली शेगडी सोडली आणि चहा ठेवला.

"केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?" तिने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं तुला."

"म्हणून पाच वाजले की तुम्हाला भूक लागायची. थांबू या, थांबू या."

"भूक कसली आलीय. अंधार पडायच्या आत गाडी उभी राहिली की माझा जीव भांड्यात पडायचा."

"मग बोलायचं नाही? जन्मभर मेला तो कंडक्टरचा नियम. मी काय बसची ड्रायव्हर आहे?"

कंडक्टरने चहा कपात ओतला आणि तिच्या हातात दिला. "बोललो असतो तर तू त्या क्षणी चाव्या टाकल्या असत्यास," तो म्हणाला. "तुझा स्वभाव मला माहीत नाही? मग मुलाला फोन, मग मागची खोली. पोरगा वाईट नाही गं. पण मला तिथे माझे हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. म्हटलं, एक थंडी तरी गाडी नुसती उभी करू. बघू काय होतं ते."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण लोकांना टोमणा मारायला वापरतात. या दोघांनी ती संसार चालवायला वापरली होती. मावशीला त्याचा राग आला, स्वतःचा जास्त आला, आणि चहा संपेपर्यंत राग उरला नाही, फक्त धाकधूक उरली. डोळे गेले तर गाडी गेली. गाडी गेली तर दोघांचं हे सगळंच गेलं. आणि शब्द तर एका गाडीत दोन झाले होते.

तिने मुकादम बाईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुम्ही दोघंही माझ्याकडे आलात," मुकादम बाई म्हणाली. "दोघंही म्हणालात, दुसऱ्याला सांगू नका. मी नाही सांगितलं."

"अहो, पण दोन्हीकडे आमच्यासाठी शब्द टाकलात?"

"दोन्हीकडे सांगितलं, माणसं चांगली आहेत. ते खोटं आहे का?"

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रोपवाटिकेत तुमची बदली म्हणून मी जाते," मुकादम बाई पुढे म्हणाली. "थंडीत घरी बसून मी तरी काय करू, भिंतींवर ओरडू? आणि मावशी, महिनाभर तुमच्या पेटाऱ्यातली हिरवी फळं मी वेचून काढतेय. तळ्याच्या खालच्या गावात डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. जाऊन या." तिने आयुष्यात एका दमात इतकं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. फोन ठेवताना ती सवयीने "पुरे" म्हणाली.

उजवीकडे वळून, स्टिअरिंग मावशीच्याच हातात ठेवून, ती दोघं दिवसाउजेडी, बैलगाडीच्या चालीने तळ्यावर पोचली. वाटेत लागलेली प्रत्येक पाटी कंडक्टरने मोठ्याने वाचली.

तळ्यावरचं काम तसं हलकं होतं, पण त्याला रोजचा नेम होता. रिकाम्या घरांतून फिरायचं, दारंखिडक्या बघायच्या, नळांत पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून प्रत्येक घरातला नळ थेंबथेंब चालू ठेवायचा. होड्या पालथ्या घालून वर ताडपत्री. उंदरांचे पिंजरे. एकाच जागी राहायची सवय नसल्यामुळे पहिले काही दिवस मावशीने कंडक्टरचा जीव नकोसा केला. रोज सकाळी तेच झाड खिडकीत बघून तिला चीड यायची. सुट्टीची घरं होती, आत चांगले गादीचे पलंग होते, मालकाने त्यातलं एक वापरायला दिलं होतं, तरी ती दोघं झोपायची गाडीतच.

हॉस्पिटलात डॉक्टर बाईंनी डोळ्यांत थेंब टाकले, उजेड टाकला आणि सांगितलं, "मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. रंगही नीट कळत नसतील तुम्हाला, सगळं पिवळट दिसत असेल." मावशी म्हणाली, "मला वाटलं, जगच जुनं झालंय." आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. गाडी चालवता येईल का, हा प्रश्न तिने लगेच विचारला. डॉक्टर बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. ढग एवढा दाट आहे की त्याच्या मागचा पडदा कसा आहे ते तो काढल्याशिवाय सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नळ बघत फिरताना, दोघांनी पहिल्यांदाच तो विषय तोंडाने बोलून ठरवला. डोळा सुधारला नाही, तर वसंतात गाडी विकायची आणि मुलाकडे जायचं. रडतराऊत घोड्यावर बसल्यासारखं जायचं नाही, हसत जायचं. मावशीने तसं मुलाला फोन करून सांगितलंही. तो म्हणाला, "आई, मग आत्ताच या ना. ऑपरेशन इथे करू."

"सध्या तरी इथेच," मावशी म्हणाली.

"तुझं हे सध्या तरी ऐकून ऐकून माझे केस पिकले," मुलगा म्हणाला. पण तो चिडला नव्हता. ऑपरेशनच्या दिवशी त्याने सकाळपासून इतके फोन केले की कंडक्टरने शेवटी फोन नर्सच्या हातात दिला.

हॉस्पिटलात ती दोघं बसनेच गेली. कंडक्टर बसमध्ये चढला की त्याचं वय दहा वर्षांनी उतरायचं; त्या बसच्या कंडक्टरशी त्याने खाली पोचेपर्यंत चार पिढ्यांची ओळख काढली. मावशी खिडकीशी बसली होती आणि बाहेरच्या पिवळ्या धुक्याकडे बघत मनात एकच म्हणत होती, थोडा वेळ अजून, मला थोडा वेळ अजून फिरू दे. तिने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. कुणाकडे मागतोय हेही तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आधी नुसता उजेड आला, डोळा मिटला, परत उघडला. समोर खिडकी होती आणि खिडकीची चौकट पांढरी होती. इतकी पांढरी की मावशीला वाटलं, कुणीतरी आत्ताच रंगवली असावी. मग तिने मान वळवली. शेजारी कंडक्टर वाकून उभा होता. भुवया पिकलेल्या, गालांवर जाळं, डोळ्यांखाली सुरकुत्यांच्या घड्या.

"अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा," कंडक्टर म्हणाला.

नर्स तोंडावर हात धरून बाहेर गेली. डॉक्टर बाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मावशी एकेक ओळ खाली उतरत गेली, सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत आली, आणि ती वाचून झाल्यावर कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही तिने वाचून दाखवलं. पडदा चांगला होता. दुसरा डोळा महिन्याभराने करायचा, मग चष्मा, आणि मग गाडी चालवायला हरकत नाही. कंडक्टर खुर्चीवर बसला आणि त्याने रुमालात तोंड घातलं. मावशीने त्याला रडू दिलं.

बसने परत येताना तिने वाटेतल्या सगळ्या पाट्या वाचल्या, मोठ्याने, अगदी "येथे कचरा टाकू नये"सुद्धा. तळ्याच्या थांब्यावर उतरून ती दोघं घरांच्या दिशेने चालत निघाली. दुपार होती. पाणी निळं होतं, खरोखरचं निळं. होड्यांवरच्या ताडपत्रीचा रंग हिरवा आहे हे तिला तेव्हा कळलं. इतके दिवस ती करडी आहे असं समजून चालली होती. आणि झाडाखाली गाडी उभी होती.

गाडी पांढरी होती. पण तिच्या डाव्या अंगावर ठिगळं होती.

मावशी जवळ गेली. पुढच्या चाकाच्या वर एक, दाराच्या खाली लांबट एक, मागच्या कोपऱ्यावर दोन, त्यांच्या मधे आणखी. वेड्यावाकड्या ब्रशने लावलेला, पांढऱ्याच्या शेजारी पिवळट दिसणारा रंग. कुठे एकावर एक दोन हात दिलेले. तिने एका ठिगळावर हात ठेवला तर खाली पत्रा आत गेलेला लागला. तिला एकेक आठवायला लागलं. तंबूंच्या मैदानाच्या फाटकापाशी काहीतरी घासल्याचा आवाज आला होता, तेव्हा तो म्हणाला होता, "फांदी असेल, चल." पेट्रोल पंपावर खट्ट झालं होतं. बागेच्या दगडी कुंपणापाशी झालं होतं. दर वेळी फांदीच. तिने कधी उतरून पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी तिला दिसलं नसतं. ती अंघोळीला, बाजारहाटाला कुठे गेली की हा माणूस त्या दुखऱ्या हाताने पत्र्यावर रंग लावत बसायचा.

महिनाभर तिला वाटत होतं की सांभाळणारी आपण आहोत. खालची फळं सोडतोय, कंबरेचं खोटं मलम सोसतोय, केवढं करतोय. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग त्या माणसाबद्दल माया दाटून आली.

"हा रंग कुणी निवडला?" तिने विचारलं.

कंडक्टर दोन पावलं मागे उभा होता. "दुकानदार म्हणाला, पांढराच आहे."

"हा पांढरा? ही साय आहे, शिळ्या दुधाची."

"मला वाटलं, तुला दिसणार नाही."

"नव्हतंच दिसत."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टर बाईंनी डोळा चोळायचा नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून कंडक्टरने पुढे होऊन रुमालाने फक्त तिचा गाल पुसला. पुसताना हात वर गेला आणि त्याच्या कपाळावर आठी उमटली. तिला ती अगदी स्पष्ट दिसली. त्याने लगेच चेहरा सरळ केला. सवय अशी एका दिवसात जात नाही.

"वसंतात निघायच्या आधी सगळी गाडी रंगवू," मावशी म्हणाली. "एकाच रंगाने. दुकानात मी येते. खालचं तुम्ही करा, वरचं मी शिडी लावून करते."

"खालचं म्हणजे कुठपर्यंत?"

"ते तुम्ही सांगा."

कंडक्टर गाडीजवळ गेला. त्याने उजवा हात उचलला, जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत नेला, आणि दुखलं तेव्हा या वेळी तोंड फिरवलं नाही. पत्र्यावरच्या धुळीत त्याने बोटाने एक आडवी रेघ ओढली.

"इथपर्यंत माझं," तो म्हणाला.